फियाट घ्यायची म्हणताय? आधी मिस्तरी शोधा

जुनी गाडी घेणारा माणूस आधी रंग बघतो, मग सीट, मग इंजिन चालू करून कान देतो. सौदा ठरला की कागद बघतो आणि गाडी दारात आली की मिस्तरी शोधायला निघतो. चालू कंपनीची गाडी असेल तर हा क्रम खपून जातो, कारण शोरूम आहे, पार्ट आहेत. कंपनीच बंद पडलेली असेल तर क्रम उलटा धरायचा. आधी मिस्तरी, मग कागद, मग पत्रा आणि सगळ्यात शेवटी इंजिन. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरण घेतलंय प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे आपण सगळे जिला फियाटच म्हणतो तिचं, कारण आपल्याकडे नाशिकला अजूनही शोधली तर मिळते आणि झेपते अशी हीच एक.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिचा पुढे उपयोग आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. मूळ आराखडा तोच: १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर हँडगिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे स्प्रिंगचे पाटे. उत्पादन थांबून दोन दशकं उलटली तरी पार्ट मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. हे लक्षात ठेवा. क्लच प्लेट, ब्रेक किट, किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ) किट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं रोजचं गिऱ्हाईक तेव्हा संपलं. आज दुकानात जे आहे तो बराचसा शिल्लक माल आहे.

फियाटच का, दुसरी का नाही

पार्टच्या बाबतीत अ‍ॅम्बॅसॅडर पद्मिनीपेक्षाही सोपी आहे. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद केला, म्हणजे गाड्या त्या मानाने ताज्या आहेत आणि पार्टही मुबलक आहेत. पण नाशिकच्या जुन्या गल्ल्यांत ती वळवून बघा, मग बोलू. हिंदुस्थान मोटर्सचीच काँटेसा दिसायला रुबाबदार. तिच्या इसुझु इंजिनवाल्या गाड्या पळायलाही छान. फक्त तिचा एखादा मडगार्ड किंवा मागची लाइट फुटली की शोधाशोध महिनोन् महिने चालते. प्रीमियरच्याच ११८ एनईला निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन आहे आणि चालवायला ती पद्मिनीहून कितीतरी सरस आहे. पण तिच्यावर टॅक्सीवाल्यांनी पोट भरलं नाही, त्यामुळे तिचे पार्ट पद्मिनीइतके कधी पसरलेच नाहीत. स्टँडर्ड हेराल्ड ज्याला मद्रासच्या कंपनीचा इतिहास माहीत आहे आणि हातात वेळ आहे त्याने घ्यावी. स्टँडर्ड २००० मोफत मिळाली तरी घेऊ नका.

पद्मिनीतही डिझेलची १३७ डी टाळा. तिचं इटालियन इंजिन वेगळं, पार्ट वेगळे, जाणकार मोजके. पेट्रोलच घ्या.

मिस्तरी

गाडी बघायला जाण्याआधी मिस्तरीशी बोलणं झालेलं पाहिजे. स्कॅनर लावून दोष शोधणारा तरुण कितीही हुशार असला तरी या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही. प्लगना ठिणगी वाटणारा पॉइंट-कंडेन्सरचा डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा सोलेक्स कार्ब्युरेटर, किंगपिन या तिन्हींवर ज्याचा हात बसलाय असा माणूस पाहिजे. नाशिकमध्ये असे मिस्तरी अजून आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे, स्वतःचं गॅरेज मुलाकडे सोपवून बाजूला खुर्ची टाकून बसलेले. द्वारका, मुंबई नाका, पंचवटी, नाशिकरोड या भागातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या शेठना विचारा, ‘शेठ, फियाटचा पॉइंट सेट शेवटचा कोण घेऊन गेलं?’ नाव मिळतं.

भेटल्यावर त्यांना परीक्षा घेतल्यासारखं वाटू न देता तीन गोष्टी विचारा. किंगपिनचे बुश बसवल्यावर ते रीमरने मापात आणावे लागतात. रीमर त्यांच्याकडे आहे की हे काम ते बाहेर देतात? हँडगिअरची लिंकेज ढिली झाली की बुश बदलतात की वेल्डिंगचा टिपका मारतात? आणि कार्ब्युरेटर साफ करताना जेट तारेने टोचतात का? टोचत असतील तर दुसरे काका शोधा. तारेने जेटचं भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पीत बसते.

मिस्तरी मिळाले की गाडी बघायला त्यांना सोबत न्या आणि त्या दिवसाचे पैसे आधीच द्या. गाडी नापसंत केली तरी पैसे मिळणार, हे त्यांना माहीत असलं तर ते खरं बोलतात. ‘काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी घेणार नाही,’ हे स्पष्ट सांगा आणि तसं वागा.

कुठे शोधायची

पत्र्याचं नशीब पावसावर असतं. मुंबई-कोकणातली गाडी कितीही देखणी असली तरी दमट खाऱ्या हवेत तिने तीन-चार दशकं काढलेली असतात. आपल्याच जिल्ह्यात बघा: इगतपुरी-त्र्यंबकचा पट्टा पावसाचा, तर सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव कोरडं. त्यामुळे जिल्ह्याच्या पूर्वेकडची गाडी मिळाली तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. देवळाली कॅम्पचे जुने बंगले, नाशिकरोडला निवृत्त होऊन स्थायिक झालेली सरकारी नोकरीतली मंडळी, गंगापूर रोड-कॉलेज रोडवरचे जुने डॉक्टर आणि वकील, तालुक्याच्या गावचे व्यापारी यांच्याकडे एकाच हातातल्या गाड्या असतात. त्या ऑनलाइन जाहिरातीत येत नाहीत. कुशनवाला, बॅटरीवाला, सोसायटीचा वॉचमन, जुना पेट्रोल पंपवाला यांच्या कानावर घालून ठेवा.

मुंबईहून आलेली गाडी असेल तर ती टॅक्सी नव्हती ना, हे तपासा. टॅक्सीचा रंग बदलता येतो, पण डॅशच्या आत, दाराच्या चौकटीत बिजागरीच्या मागे आणि डिकीच्या कोपऱ्यात काळा-पिवळा रंग राहून जातो. टपावर कॅरिअरची बुजवलेली भोकं, मीटरच्या ब्रॅकेटची खूण, डिकीत गॅसच्या टाकीचे पट्टे बसवल्याचे ओरखडे, हेही बघा. कागदावर खासगी आणि अंगावर टॅक्सी अशी गाडी असेल तर आल्या पावली परत फिरा.

कागद

इथे घाई करणाऱ्याला पुढे पस्तावावं लागतं, म्हणून सावकाश वाचा.

आरसी बुक मूळ प्रत पाहिजे. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना तीन अक्षरी जुनी सिरीज असते, त्यानंतरच्यांना आपल्याकडे एमएच १५. जुन्या गाड्यांच्या नोंदी अनेकदा रजिस्टरमध्येच राहिलेल्या असतात, संगणकावर चढलेल्या नसतात. नंबर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर टाकून बघा. दिसला नाही तर विकणाऱ्याने आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी आणि मगच पुढचं बोलणं. ‘ते काय, एजंट करून देतो,’ असं म्हणाले तर म्हणावं, ‘मग करून घ्या ना दादा, मी थांबतो.’ नाशिकचं आरटीओ पेठ रोडला आहे, एक चक्कर टाकून स्वतः चौकशी केलेली बरी.

मग मुदत. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. सोबत पर्यावरण कर. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये केलं. मुदत उलटून गेलेली असेल तर उशिराचा दंड महिन्यामागे चढतो. म्हणजे गोठ्यात दहा वर्षं उभी असलेली ‘स्वस्त’ गाडी कागदावर महाग निघू शकते. थकबाकीचा आकडा आरटीओतून काढून घ्या आणि तो किमतीतून वजा करा.

आरसीवर बोजा आहे का? सत्तर-ऐंशीच्या दशकात गाड्या फायनान्सवर घेतल्या जात. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण फॉर्म ३५ देऊन नोंद उतरवायची राहिलेली असते. आता ती पतसंस्था किंवा फायनान्स कंपनीही गाडीच्या कंपनीसारखीच नामशेष झालेली असली की पत्र द्यायला कोणी उरत नाही. हे निस्तरणं विकणाऱ्याचं काम, तुमचं नव्हे.

मालक वारलेले असतील तर वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी आधी चढवावी लागते. एका मुलाने सही केली आणि दोन बहिणींना पत्ताच नाही, असं चालत नाही. सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या.

सगळ्यात धोक्याची म्हणजे सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर हातोहात फिरलेली गाडी. आरसीवर नाव पहिल्याचं, ताबा चौथ्याकडे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलं की अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली तर कायद्याने मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. म्हणून आरसीवरचा माणूस समोर बसल्याशिवाय पैसे नाहीत. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची ना हरकत हातात आल्याशिवाय इसारही नाही.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः बघा, पेन्सिलने कागदावर ठसा उमटवून आरसीशी ताडा. पद्मिन्यांमध्ये इंजिन बदलणं सर्रास चालायचं. बदललेलं इंजिन, गॅस किट, डिझेल रूपांतर, काहीही असलं तरी त्याची नोंद आरसीवर पाहिजे. नसेल तर नूतनीकरणाला इन्स्पेक्टर गाडी परत पाठवतो.

‘व्हिंटेज’चा मोह आवरा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. सुरुवातीच्या पद्मिन्या आता या वयात बसतात. पण ती नोंदणी घेतली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढता येते. रविवारी सोमेश्वरला मिसळ खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

पत्रा

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची हाडं. म्हणून गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, तो मजबुतीचा प्रश्न आहे. इंजिन कुठलाही लेथवाला बोअर करून देईल. कुजलेली बॉडी सरळ करणारा डेंटर मिळणं कठीण, आणि मिळाला तर तो मागेल ते द्यावं लागतं.

दिवसाउजेडी जा. गाडी नुकतीच धुतलेली असेल तर ती सुकू द्या, ओला रंग सगळं झाकतो. खिशात एक साधं लोहचुंबक, रुमालात गुंडाळलेलं. मडगार्डच्या कडा, दाराचा खालचा भाग, हेडलाइटभोवतीची गोलाई इथे ते फिरवा. चिकटलं नाही तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्याच जुन्या गाड्यांना असते, तिचं वाईट वाटून घेऊ नका. मुठीएवढ्या जागेत आहे की अख्ख्या दारात, हे बघायचं.

मग आतल्या रबरी मॅट उचला. पायाखालचा पत्रा बोटाने दाबा, आवाज ऐका. बाहेरून दाराखालची पेटीसारखी पट्टी, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराची खालची कड. गाडीखाली आडवं होऊन, पाटे बॉडीला जिथे अडकवलेत ती जागा टॉर्च लावून बघा आणि पुढच्या सस्पेन्शनचे पाय जिथे बॉडीला धरलेत तीही. या दोन ठिकाणी गंज किंवा ठिगळावर ठिगळ वेल्डिंग असेल तर सौदा तिथेच संपवा, किंमत कितीही उतरवली तरी. ताजं काळं अंडरकोट मारून आणलेली गाडी मला तरी नेहमी संशयास्पद वाटते. विकायच्या आठवड्यात पोटाला रंग कोण देतं?

सरळ रेषा बघायला गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन बसा. दाराच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या असाव्यात. दार उघडून हलकेच उचला. लोंबत असेल तर बिजागरी झिजलीय, ते सोपं. दार लावताना चौकटीला घासत असेल तर बॉडी बसलीय, ते अवघड.

आणि जे जागेवर नाही त्याची यादी करा. जाळी, बंपरचे तुकडे, नावाचे बिल्ले, मागच्या लाइटच्या काचा, दाराच्या कड्या, काच फिरवायची हँडल, क्रोमच्या पट्ट्या. इंजिनचा प्रत्येक भाग मिळतो किंवा बनतो. हे चिल्लर सामान मिळायला वर्ष वर्ष लागतं. चकचकीत रंगाची पण अर्धी उघडी गाडी आणि रंग उडालेली पण सगळं सामान जागेवर असलेली गाडी समोर असेल, तर मी डोळे झाकून दुसरी घेईन.

इंजिन आणि चालवून बघणं

सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर दुपारी परत या. थंड इंजिन चोक ओढून दोन-तीन सेल्फमध्ये लागलं पाहिजे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर भपकन निळा आला तर बहुतेक व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल उतरतंय. पांढरी वाफ थांबतच नसेल आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट. यातलं काहीही सौदा मोडण्याइतकं मोठं नाही. किंमत कमी करायला पुरेसं आहे.

डायनामोवाल्या गाडीत गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना हेडलाइट मंद होतो, तो दोष नव्हे. वेग वाढवल्यावर उजेड वाढला पाहिजे, एवढंच.

चालवायला रस्ता मुद्दाम निवडा. आधी द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत वीस मिनिटं रखडा आणि तापमानाच्या काट्याकडे बघा. रेडिएटर आतून भरलेला असेल तर इथेच कळतं. मग त्र्यंबक रोडला मोकळ्यावर घ्या. तिसऱ्या-चौथ्यात मागून गुणगुण वाढत गेली तर डिफरन्शियल, दुसरा गिअर टाकताना किरकिर झाली तर गिअरबॉक्स. पार्किंग ब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा: इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. मोकळ्या सपाट जागी ब्रेक जरा जोरात दाबून बघा, गाडी एका बाजूला ओढली गेली तर व्हील सिलिंडर गळत असू शकतो. परत आल्यावर पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर किंगपिन. फियाटला हे ठरलेलंच दुखणं आहे.

सौदा

किमतीचा आकडा सांगण्यात अर्थ नाही, जागा आणि माणूस बघून तो बदलतो. पण हिशेब असा करा: जेवढ्याला गाडी घ्याल जवळपास तेवढेच पहिल्या वर्षात लागतील, म्हणून खिशातले निम्मेच बाहेर काढा. पैसे बँकेतून द्या. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या, तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती करा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या गाडीची विम्यातली किंमत दोघांच्या संमतीने ठरते, म्हणून सर्वंकष विमा घेणार असाल तर फोटो आणि बिलं दाखवून ती आधीच बोलून घ्या. नाही तर कंपनी भंगाराचा भाव लावते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते, ते काम यातच उरका.

बाहेरगावची गाडी चालवत आणू नका. टो करून आणा. ज्या गाडीचे होज आणि टायर तुम्ही बदललेले नाहीत ती कसारा घाटातून वर चढवण्यात मर्दुमकी नाही.

पहिला महिना

रंगाचा विचारही करू नका. आधी ब्रेक. जुन्या मॉडेलला ब्रेकची एकच लाइन असते, एक होज फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळ्या रबरी होज, नवं ब्रेक ऑइल. मग टायर. नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपुढचा टायर काढा. रुंद टायर घालून शोभा वाढवू नका, स्टिअरिंग आधीच पुरेसं जड आहे.

मग पेट्रोलची वाट. सध्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात जुने रबर फुगतात, इंजिनच्या पेट्रोल पंपाचा पडदा चिरतो आणि इथेनॉल पाणी ओढत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. टाकी उतरवून साफ करा, इंजेक्शनच्या गाड्यांना चालणारी चांगल्या प्रतीची पेट्रोल नळी टाका, नवा पडदा टाका, टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावा. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झाल्याने गाडी अडखळत असेल तर मिस्तरींना मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघायला सांगा.

ऑइल २० डब्ल्यू ४० किंवा ५० चं साधं मिनरल. महागडं सिंथेटिक टाकलं तर ते जुन्या सीलमधून जमिनीवर येईल. सगळे ग्रीस निपल शोधून ग्रीस भरा. किंगपिनची निपलं बऱ्याच गाड्यांत वर्षानुवर्षं चिखलाखाली गाडलेली असतात. वायरिंगला जागोजागी टेप गुंडाळलेली दिसली तर जोड देत बसण्यापेक्षा पूर्ण नवं हार्नेस करून घ्या आणि वाढीव फ्यूज टाका.

पार्टचा साठा

नाशिकच्या दुकानांत चालू सामान मिळेल: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, प्लग. त्यापुढचं मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, ऑपेरा हाउसचा भाग आणि पुण्यात नाना पेठ. जाताना जुना पार्ट पिशवीत घालून न्या. पद्मिनीत वर्षागणिक बारीक बदल होत गेले आणि ‘फियाटचं द्या’ म्हटल्यावर दुकानदार देईल ते घरी येऊन बसत नाही.

काय साठवायचं? धातू आणि काच साठवा, रबर साठवू नका. क्लच प्लेट, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), किंगपिन किट, हेड गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरची टोपी, मागच्या लाइटच्या काचा, दाराची कुलपं जेव्हा दिसतील तेव्हा घ्या. पुढची काच मिळाली तर उभी ठेवायची जागा करून घ्या. रबरी वायसर मात्र डब्यातही कडक होतात, ते लागतील तसे.

इथे नाशिककरांचं एक सुख आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मोठ्या कारखान्यांना माल पुरवणारे शेकडो जॉबवर्कवाले आहेत. हँडगिअरचे बुश, पाट्यांच्या पिना, शॅकल, डोअर हिंजच्या पिना असं सामान ते काही दिवसांत टर्न करून देतात. एका नगासाठी कोणी मशीन लावत नाही, म्हणून आणखी दोन-तीन फियाटवाल्यांना गाठा आणि दहा-वीस नग एकदम करा. झिजलेला तुकडा देऊन ‘असाच बनवा’ म्हणू नका, तो झिजलेलाच बनवतील. न झिजलेल्या बाजूचं माप घेऊन, धातू कोणता हे लिहून साधं चित्र द्या. ब्रेक आणि स्टिअरिंगचा कुठलाही भाग मात्र असा बनवून घेऊ नये. तो तयारच घ्यावा, शोधायला कितीही वेळ लागो.

वर्षभर

मार्च ते मे गाडीची खरी परीक्षा. दुपारी थांबून पुन्हा चालू केली की इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी लागत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा, सेल्फ मारत बसून बॅटरी संपवू नका. उन्हाळ्याआधी रेडिएटर उतरवून रॉडिंग (सळईने नळ्या साफ करणं) करा आणि नळाचं पाणी न टाकता कूलंट टाका. कसारा घाट उतरायला दुसरा-तिसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून नाही. ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात. समृद्धीवर नेऊच नका. १२० ने जाणाऱ्या गाड्यांत सत्तरने चालणारी फियाट म्हणजे स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर नको, आतला दमटपणा पत्रा खातो. सुती कव्हर, वर पत्र्याची शेड. डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरडी ठेवा. दाराखालची पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी करा, फियाटची दारं बहुतेक तिथूनच कुजायला लागतात. थंडीत उंदीर वायरिंगला येतात, त्यावर डांबराच्या गोळ्यांपेक्षा आठवड्याला गाडी हलवणं जास्त उपयोगी पडतं. जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवणं म्हणजे हलवणं नव्हे. दहा-बारा किलोमीटर न्या, गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, म्हणजे ऑइल तापतं आणि आतलं पाणी उडतं.

पीयूसीला घाबरू नका. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, नीट लावलेला सोलेक्स त्यात सहज बसतो. एअर फिल्टर बदलून, गाडी पुरती गरम करून, चोक आत ढकलून मगच केंद्रावर न्या.

आणि नोंदणी संपण्याची तारीख आरसीवर बघून आजच कॅलेंडरवर टाका. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. त्या दोन महिन्यांतले पहिले पंधरा दिवस मिस्तरींसाठी धरा: हॉर्न, वायपर, चारही इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, पार्किंग ब्रेक. फियाट फिटनेसला अडते ती इंजिनवर क्वचितच, असल्या फुटकळ सामानावर जास्त.